वळचणीचे पाणी
(द्वितीय वर्ष कला)

‘वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. जे कधी घडायचे नाही, त्याबद्दल बोलताना ती वापरतात. आमच्या घरी ही म्हण दोन वर्षांपूर्वी अगदी शब्दशः वापरली गेली. घराच्या मागच्या वळचणीचे पाणी घराला वळसा घालून परसातल्या टाकीत न्यायचे होते आणि वाटेत ते एकदा खाली जाऊन पुन्हा वर चढायला हवे होते. ते चढेल असे बाबांना वाटत नव्हते, आणि चढेल हे मला सिद्ध करता येत नव्हते. त्या पाण्याची ही हकिकत आहे. कथा-कवितांच्या पंक्तीत पन्हळ आणि पाइप यांचे काय काम, असे कुणाला वाटेल. परंतु ज्या गोष्टीमुळे मी वर्गात वेळेवर बसू शकले ती गोष्ट आपल्या वार्षिकात सांगण्यास हरकत नसावी.

पाऊस पडतो, मग पाणी जाते कुठे?

माझे गाव हिरकणीवाडी. रायगडाच्या पायथ्याशी, महाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. कड्यावरून उतरून तान्ह्या बाळाकडे धावलेल्या हिरकणी गवळणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचेच नाव आमच्या वाडीला आहे. १९९६ पासून रोपवे सुरू झाल्याने येथे बारमाही वर्दळ असते. आमच्या घरची लहानशी खानावळ आहे. पिठले, भाकरी, ताक आणि ठेचा हा तिचा सगळा विस्तार.

मे महिन्यात गड पाहायला आलेले पाहुणे हात धुताना हमखास विचारतात, “तुमच्याकडे एवढा पाऊस, मग पाण्याची टंचाई कशी?” प्रश्न रास्त आहे. महाडच्या परिसरात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. याचे उत्तर भूगोलात आहे. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. लाव्हारसाचे थर एकावर एक बसून तो बनला. या खडकाच्या पोटात पाणी फार मुरत नाही. मुरते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. त्यात उतार उभा. सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि ओढ्यावाटे काळ आणि गांधारी नद्यांना, तेथून सावित्रीला आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळतो. आमच्या दारावरून गेलेले पाणी पुन्हा आमच्या हाती लागत नाही.

माघ सरला की वाडीतले झरे बारीक होतात. मग खालच्या विहिरीवर जावे लागते. नळ आहे, पण नळाचा उगमच आटला तर तोटी काय करणार? एका खेपेला एक हंडा आणि एक कळशी, मिळून पंचवीस लिटर पाणी येते. जाऊन-येऊन अर्धा तास मोडतो. घरात आम्ही पाच माणसे. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे म्हणून रोज शंभर लिटर पाणी लागते. म्हणजे चार खेपा, दोन तास. या खेपा आई आणि मी वाटून घेत असू. सकाळची एस.टी. मात्र माझ्यासाठी थांबत नसे. प्रथम वर्षाला असताना मार्च महिन्यात पहिला तास मला किती वेळा मिळाला हे हजेरीपट पाहिल्यास कळेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे ‘तास बुडला’ म्हणजे नेमके काय बुडाले, हे घरात समजावून सांगणे कठीण होते. पाणी नसले की काय होते, हे मात्र सर्वांना कळत होते.

त्यातच ६ जून. १६७४ साली याच दिवशी रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यासाठी लाखो माणसे गडावर येतात. आमच्या खानावळीचा तो मोठा दिवस, आणि नेमका तोच विहिरीच्या तळाचा काळ.

पूर्वजांची सोय

छपराचे पाणी धरण्याची कल्पना माझी नव्हे. पूर्वी पागोळ्यांखाली घागरी आणि पिंपे मांडून ठेवत. बांबूचा किंवा पोफळीचा ओंडका उभा चिरून त्याचा पन्हळ करत. त्याहून जुना दाखला हवा असल्यास महाडच्या उत्तरेस महामार्गालगत गांधारपाले येथील लेणी पाहावीत. भिक्षूंच्या निवासाशेजारीच कातळात पाण्याची टाकी कोरलेली आहेत. मुंबईजवळच्या कान्हेरीला तर खडकात पन्हळ खोदून वरचे पाणी लेण्यांजवळच्या टाक्यांत आणले आहे. तेथील शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ असा शब्द येतो. घराच्या माथ्यावरचे पाणी वळवून दाराशी साठवायचे, ही युक्ती आपल्या भागात जवळजवळ दोन हजार वर्षे जुनी आहे.

रायगडाचा डोंगरमाथा तरी दुसरे काय सांगतो? गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव, बारा टाकी ही सगळी पावसाच्या पाण्याची साठवण. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या नावाशी जोडलेला जगदीश्वर मंदिरातील शिलालेखही इमारतींबरोबर विहिरी आणि तलावांचा उल्लेख करतो. हत्ती तलाव मात्र गळत असे. एवढा पाऊस पडूनही त्यात पाणी टिकत नसे. गळती बुजवल्यावर २०२० च्या पावसाळ्यात तो भरला. याचा अर्थ उघड आहे. तलाव कितीही मोठा असला तरी त्याची खरी मोजणी त्याच्या भेगेवरून होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडाच्या पाण्याविषयी एक मोलाचा विचार आहे. गडावर झरा आहे, पाणी पुरते आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये; अडचणीच्या वेळेसाठी आणखी टाकी बांधावीत आणि त्यांतले पाणी खर्चू नये, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या आरंभी किल्लेदारांसाठी लिहिलेला हा विचार वाचताना मला आमची विहीर आठवली. विहीर हा आमचा झरा. अडचणीची टाकी मात्र आम्ही बांधलेली नव्हती.

थोडे गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होते. एवढे एक सूत्र पाठ केले की पुढचे गणित चौथीतल्या मुलालाही यावे. आमचे घर नऊ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, म्हणजे चोपन्न चौरस मीटर. (छपराचा उतार मोजायचा नाही, छपराखालची जमीन मोजायची.) तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर या छपरावर १,६२,००० लिटर पाणी पडते. उडणारे, सांडणारे, वाया जाणारे पाणी म्हणून पाचवा हिस्सा वजा केला तरी १,२९,६०० लिटर उरते.

हा आकडा काढला त्या दिवशी मी फार खूश झाले. बाबांनी ऐकून घेतले आणि विचारले, “एवढं पाणी ठेवायचं कुठं?” माझे गणित तेथेच अडले, आणि तेथूनच ते खऱ्या मार्गाला लागले. पाऊस मोजून टाकी ठरवायची नसते. उन्हाळा मोजून ठरवायची असते. १ मार्च ते ८ जून हे शंभर दिवस. रोजची गरज शंभर लिटर. म्हणजे टाकी दहा हजार लिटरची हवी. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाणी दोन मीटर उंच. एवढी टाकी भरायला आमच्या छपरावर २३१ मिलिमीटर पाऊस पुरतो. आषाढातल्या दोन-तीन मुसळधार दिवसांचे ते काम. पावसाळाभरात अशा जवळजवळ तेरा टाक्या भरतील. आम्ही एक ठेवायची आणि बाराचे पाणी सुरक्षितपणे जाऊ द्यायचे.

हे बारा टाक्यांचे पाणी विसरून चालत नाही. आमच्या भागात तर मुळीच नाही.

मागची भिंत

डोंगरउतारावरच्या बहुतेक घरांप्रमाणे आमचे घरही उतार कापून काढलेल्या सपाटीवर आहे. पुढे अंगण, बाजूला परस, आणि मागे हातभर अंतरावर कापलेली दरड. छप्पर दुपाखी. पुढच्या पाख्याचे पाणी अंगणात पडते आणि निघून जाते. मागच्या पाख्याचे पाणी दरड आणि भिंत यांच्या चिंचोळ्या सांदीत पडते. चार महिने तेथे पागोळ्यांनी चर खणला जायचा, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल यायची आणि दरडीचा पायथा भिजत राहायचा.

२५ आणि २६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या रात्री आमच्या वाडीत कुणी झोपले नाही. पन्हळ लावून असा डोंगर थांबतो, असे मी मुळीच म्हणणार नाही. तसे म्हणणे हा गेलेल्या माणसांचा अपमान होईल. परंतु आपल्याच छपराचे पाणी आपल्याच दरडीच्या मुळाशी ओतत राहणे शहाणपणाचे नाही, एवढे तरी आपल्या हाती आहे. म्हणून मागच्या पाख्याचे पाणी धरणे हे आमच्या घरी दोन कारणांनी आवश्यक होते. ते टाकीत हवे होते, आणि सांदीत नको होते.

दोन चुका

पहिली चूक ढाळाची. पहिल्या वर्षी आम्ही मागच्या वळचणीला पत्र्याचा पन्हळ लावला. तो दिसायला इतका सरळ लावला की पाहणाऱ्याने वाहवा करावी. मृगाचा पाऊस आला आणि पाणी पन्हळात मध्यावर तुंबून सगळे सांदीतच सांडू लागले. पूर्वी पागोळ्या पडत होत्या. आता धबधबा पडू लागला. पन्हळ डोळ्यांना सरळ दिसणे हाच त्याचा दोष होता. शंभराला एक एवढा ढाळ हवा. नऊ मीटरच्या पन्हळाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा नऊ सेंटिमीटर खाली हवे.

शिवाय जोराच्या सरीत पाणी किती येते याचा अंदाजही नव्हता. तासाला शंभर मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळला, तर आमच्या एका पाख्यावरून मिनिटाला पंचेचाळीस लिटर पाणी उतरते. पंधरा लिटरची बादली वीस सेकंदांत भरावी असा तो लोट असतो. अरुंद पन्हळावरून ते पाणी उडी मारून पलीकडे जाते. म्हणून पन्हळ रुंद हवा, आणि वाऱ्याने उचलू नये यासाठी त्याच्या पकडी जवळजवळ हव्यात.

दुसरी अडचण वाटेची. आमची मागची वळचण कोकणातल्या घरांसारखी ठेंगणी, जमिनीपासून साडेपाच फुटांवर. टाकी बाजूच्या परसात. तिचे तोंड चार फुटांवर. मध्ये स्वयंपाकघराचे दार. पाइप भिंतीने सरळ न्यावा तर तो दारात माणसाच्या छातीशी आडवा येणार. गवंडीकाका म्हणाले, “पाइप खाली उतरवू, उंबऱ्याबाहेर जमिनीखालून नेऊ आणि टाकीपाशी पुन्हा वर काढू.” तेव्हा बाबांनी ती म्हण काढली. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही; जमिनीत गेलेले पाणी चार फूट वर कसे चढेल?

गवंडीकाकांनी वाद घातला नाही. त्यांच्या हातात ढाळ मोजायची नळी होती. पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी. दोन्ही टोकांतले पाणी सारख्या उंचीवर राहते म्हणून तिने पातळी पाहतात. त्यांनी नळीचा मधला भाग जमिनीवर टाकला, एक टोक बाबांच्या हाती दिले, दुसरे माझ्या. मग बाबांना म्हणाले, “तुमचं टोक वर उचला.” बाबांनी उचलले, आणि माझ्या टोकातून पाणी सांडले. पाणी खाली जाऊन वर आले होते, तेही आमच्या डोळ्यांदेखत. बाबा काही वेळ नळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “खणा मग.”

म्हण खोटी ठरली का? तसे नाही. आमचे पाणी आढ्याला चढत नाहीच. ते वळचणीच्या वर कधीच जाणार नाही. वळचण साडेपाच फुटांवर आणि टाकीचे तोंड चार फुटांवर, म्हणजे दीड फुटाचा उतार पाण्याला शेवटी मिळतोच. मध्ये ते कितीही खाली गेले तरी या दीड फुटाच्या जोरावर वर येते. अट एकच. पाइपाचे सांधे पक्के हवेत, कारण हा पाइप सदैव भरलेला राहतो. पुढच्या पाख्याचे पाणी मात्र वेगळ्या पाइपाने थेट टाकीत सोडले आहे. दोन उंचींवरचे पन्हळ एकाच भरल्या पाइपाला जोडले तर खालच्या पन्हळातून पाणी बाहेर येईल.

जमिनीखालच्या पाइपाला सर्वांत खोल जागी उताराकडे एक फाटा काढून टोपण बसवले आहे. त्याचे काम मोठे आहे. आजी म्हणते, “मिरगाचं पहिलं पानी धरू नये, तं धरतरीचं.” तिचे म्हणणे शास्त्रालाही मान्य आहे. उन्हाळाभर छपरावर धूळ, पाला आणि पक्ष्यांची व माकडांची घाण साचते. पहिल्या सरी ती धुऊन आणतात. म्हणून मृगाच्या आरंभी आम्ही टोपण उघडे ठेवतो आणि पुढच्या पाइपाचे तोंडही बाहेर वळवतो. छप्पर धुतले गेले की दोन्ही बंद करतो. पावसाळा संपला की टोपण पुन्हा काढायचे, नाहीतर पाइपात उरलेले पाणी कुजते.

टाकीविषयी

दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन वजन. ते भरावाच्या जमिनीवर ठेवू नये. भराव बसतो आणि टाकी तडकते. दरडीजवळही ठेवू नये. आमची टाकी परसातल्या उघड्या कातळावर बांधली आहे. तिला पक्के झाकण आहे. त्यामुळे उजेड जात नाही, शेवाळ धरत नाही आणि लहान मुलांचे भय राहत नाही. पाणी आत येण्याच्या आणि जास्तीचे बाहेर जाण्याच्या तोंडांना डासांसाठी बारीक जाळी आहे. तोटी तळापासून वीतभर वर आहे, म्हणजे तळचा गाळ हलत नाही. जास्तीचे पाणी दगडी चरातून घराच्या खालच्या अंगाला, ओढ्यापर्यंत नेले आहे. त्या बारा टाक्यांची ही वाट. श्रावणात टाकी रिकामी करून घासतो आणि भाद्रपदातल्या पावसाने शेवटची भरतो. पिण्याचे पाणी उकळून घेतो. परसातल्या केळी, अळू आणि तोंडलीच्या वेलाला टाकीचे पाणी मिळत नाही. त्यांना भांडी घासलेले पाणी पुरते.

पहिला उन्हाळा

गेल्या वर्षी १ मार्चला आम्ही टाकीची तोटी उघडली. हिशेबाने पाणी ८ जूनपर्यंत पुरायला हवे होते. ते २० मेला संपले. एक्क्याऐंशी दिवसांत दहा हजार लिटर, म्हणजे रोज सुमारे १२३ लिटर. टाकी गळत नव्हती आणि गणितही चुकले नव्हते. रोजची जवळजवळ एक खेप शेजारी जात होती. शेजारची बाई हंडा घेऊन दाराशी आली की आई तोटी सोडायची. मी एकदा वहीतला हिशेब दाखवला. आई म्हणाली, “वहीत लिव्ह, पन तिला नाय म्हनू नको.” ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन माणुसकीचा हक्क सांगितला, त्या तालुक्यात राहून पाण्याला नाही म्हणणे मलाही जमले नसते. त्यामुळे शेवटचे अठरा-एकोणीस दिवस आम्ही पुन्हा विहिरीवर होतो, आणि ६ जूनला खानावळीसाठी पाणी विकत घ्यावे लागले.

तरी एक हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. दहा हजार लिटर म्हणजे पंचवीस लिटरच्या चारशे खेपा. चारशे खेपा म्हणजे दोनशे तास. त्या टाकीत पाण्याबरोबर दोनशे तास साठवलेले होते. त्यांतले काही आईच्या पाठीला मिळाले, काही शेजारणीला, आणि काही मला. त्या मार्च महिन्यात माझा पहिला तास एकदाही बुडाला नाही.

तामिळनाडूने २००३ मध्ये इमारतींना छपराचे पाणी साठवणे सक्तीचे केले. बर्म्युडा बेटांवर नद्या नाहीत. तेथे घराचे पांढरे छप्पर आणि खालची टाकी मिळूनच घर पुरे होते. आमच्या वाडीत सक्तीची गरज नाही. यंदा दोन शेजाऱ्यांनी पन्हळ लावले आहेत. एकाने ढाळ पाहायला मला बोलावले होते. मी गवंडीकाकांची नळी मागून घेऊन गेले, आणि एक टोक त्याच्या हाती दिले.